रातकिड्यांचा उपास

रातकिडे मारायच्या आधी एक दिवस त्यांना उपाशी ठेवायचं, हा नियम सुनेने सांगितला तेव्हा म्हातारीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"उपाशी का?"

सुनेने समजावून सांगितलं. रातकिड्याने जे खाल्लं ते त्याच्या पोटात, आणि तो आपल्या पोटात. कोंबडी साफ करताना आतडी काढून टाकता येतात, रातकिड्याची कोण काढत बसणार? म्हणून शेवटचा एक दिवस नुसतं पाणी. पोट आपोआप साफ होतं.

म्हातारीला आतड्यांचं सगळं पटलं. उपाशी ठेवायचं पटलं नाही. तिच्या दारातून आजवर कोणी उपाशी गेलं नव्हतं. मीटर बघायला येणारा माणूस जेवून जायचा, चुकून भलत्याच घरी आलेले पाहुणे जेवून जायचे. एकदा कोंबड्या चोरताना एकजण सापडला, तर चार माणसं जमेपर्यंत तिने त्याला वाढलं होतं आणि त्यानेही दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली होती.

"उद्या मरणार बिचारे," ती म्हणाली, "आणि आज जेवण बंद. फाशी देतात त्यालासुद्धा विचारतात, काय खाणार म्हणून."

"आई, हा नियम मी नाही केलेला."

"ज्याने केला तो पोटभर जेवून बसला असेल."

सुनेने वाद वाढवला नाही. तिने कोंड्याचा डबा आणि भोपळ्याच्या फोडी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. घरात सासू असताना कपाटाला कुलूप लावायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. दोघींनी ते पाहिलं आणि दोघींनी पाहिलं नाही असं दाखवलं.

हे सगळं सुरू झालं कोंबड्यांच्या साथीपासून. आठ दिवसांत शेडमधल्या आठशे कोंबड्या माना टाकून पडल्या. पांढरे कपडे घातलेली माणसं आली, उरलेल्या घेऊन गेली, शेडला चुना मारला आणि वर्षभर इथे कोंबडी दिसता कामा नये असं सांगून गेली. अर्ध्या गावाच्या कोंबड्या गेल्या होत्या. त्यामुळे नवं घर बांधणं बंद, दारं-खिडक्या करून घेणं बंद, आणि सुनेचा नवरा सुतार होता. तो दिवसभर रंध्याला धार लावायचा आणि धार लावलेल्या रंध्याकडे बघत बसायचा.

सून रातकिडे पाळायला शिकवणाऱ्या तीन दिवसांच्या शिबिराला गेली आणि परत येताना बसमध्ये मांडीवर रातकिड्यांचा खोका घेऊन आली. दोन रातकिडे वाटेत निसटले आणि सीटखाली कुठेतरी किरकिरायला लागले. कंडक्टरला ड्रायव्हरचा संशय आला आणि ड्रायव्हरला इंजिनाचा. बस दोनदा थांबवून खालून बघितली. सून खिडकीबाहेर बघत राहिली.

सुताराने खोकी केली. मापात केसाचा फरक नाही. पण तो दारं करणारा सुतार, त्यामुळे प्रत्येक खोक्याला कडेने नक्षी निघाली. नक्षीवर पाय रोवून रातकिडे बाहेर पडले आणि सकाळी चपलेत, साखरेत आणि सुताराच्या टोपीत सापडले. मग वरच्या कडेला आतून गुळगुळीत चिकटपट्टी लावली, की चढणारा घसरून खाली. नक्षी पट्टीखाली गेली. सुतार दोन दिवस बोलला नाही.

काम काही कमी नव्हतं. पहाटे उठायचं, खोक्यांतले अंड्यांचे पुठ्ठे एकेक उचलून झटकायचे, खालची लेंडी चाळून काढायची, पाण्याचे स्पंज धुवायचे. भांड्यात पाणी ठेवलं तर रातकिडे बुडून मरतात, म्हणून स्पंज. मग भोपळा किसायचा. खोक्यांवर वाकून वाकून तिची कंबर अशी धरायची की उभं राहिल्यावरही ती थोडा वेळ वाकलेलीच दिसायची. गिरणीवाल्याने रातकिडेवाली म्हणून तिचं दळण सगळ्यांच्या शेवटी घेतलं, आणि दळून झाल्यावर तिच्यासमोर गिरणी झटकायला लागला. तिने डबा डोक्यावर घेतला आणि आली.

आता सगळं उद्यावर होतं. उद्या तपासणीच्या बाई येणार होत्या. त्यांनी परवाना दिला तर शहरातला बिस्किटांचा कारखाना सगळा माल घेणार होता. कोणाला काही झालं, नुसतं पोट जरी दुखलं, तर शेडला टाळं.

दुपारी सून बर्फ आणायला डेअरीवर गेली. म्हातारी शेडमध्ये गेली.

सहाही खोकी किरकिरत होती. रातकिडा पोट भरलं तरी किरकिरतो आणि रिकामं असलं तरी किरकिरतो, पण म्हातारीला त्या दिवशी त्यात फक्त भूक ऐकू आली. तिने एका खोक्यात डोकावलं. सगळ्यांच्या मिशा तिच्या दिशेने हलल्या.

शेडच्या मागे कुंपणाला लागून कोबीवाल्याचं शेत. कोबीवाला एकटा माणूस, सुतार त्याला काका म्हणायचा. कडेला त्याने पाटी रोवली होती: सावधान, जहाल विषारी औषध मारले आहे, पाला तोडू नये. खाली कवटी काढली होती, ती दात आलेल्या बटाट्यासारखी दिसत होती. म्हातारीला वाचता येत होतं. तिने पाटी वाचली. पण पाटी चोरांसाठी असते. ती शेजारीण होती.

कोबीची बाहेरची पानं अशीही फेकूनच देतात. तिने ओंजळभर पानं आणली आणि सहाही खोक्यांत सारखी वाटली, कोणाला कमी नको. सून येईपर्यंत चाळणीसारखे देठ तेवढे उरले. तेही तिने उचलून खतात पुरले आणि हात धुऊन अशी बसली, की सुनेने आल्या आल्या विचारलं, आई, बरं वाटत नाही का?

दुसऱ्या दिवशी सुनेने सहापैकी चार खोकी काढली. दोन बाईंना जिवंत दाखवायला ठेवली. पुठ्ठे बादलीवर झटकले, रातकिडे बर्फावर टाकले. ते गार होऊन निपचित पडले, तसे उकळत्या पाण्यात. मग मोठ्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजले, बोटाने दाबल्यावर मोडेल इतके. घशात टोचतात म्हणून पाय आणि पंख काढायचे असतात. ते हाताने चोळायचे आणि सुपात घेऊन पाखडायचे. पाखडताना वारा फिरला. सगळे पाय आणि पंख सुताराच्या दाढीत गेले, आणि बाई आल्या तेव्हा घरचा मालक त्यांच्या स्वागताला उभा राहून सतरा वेळा शिंकला.

तपासणीच्या बाई बारीक होत्या, पेन दोरीने गळ्यात अडकवलेलं. त्यांनी खोक्यांत नळी घालून ऊब मोजली, तव्याखाली वाकून बघितलं, स्पंजचा वास घेतला. चुना कधी मारला, शेडमध्ये कसलं औषध फवारलं का, भाजलेला माल कशात ठेवणार, सगळं विचारलं.

"काल खायला काय दिलं?"

"काही नाही. फक्त पाणी," सून म्हणाली.

दारात उभी असलेली म्हातारी आभाळाकडे बघायला लागली. आभाळात काही नव्हतं.

चाखायला दोन पाहुणे होते. एक कोबीवाला काका, तो शेजारी म्हणून. दुसरे डेअरीचे चेअरमन, कारण बर्फ त्यांचा. चेअरमन फोटो निघेल या हिशेबाने कडक इस्त्रीत आले होते.

ताट पुढे करण्याआधी बाईंनी सगळ्यांना सांगितलं, की कोळंबी, खेकडा असलं खाऊन ज्याला खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, त्याने रातकिडा खायचा नाही. हे सगळे लांबचे भाऊबंद. एकाचा त्रास होतो त्याला दुसऱ्याचाही होऊ शकतो.

सगळ्यांनी चेअरमनकडे पाहिलं. चेअरमन दहा वर्षं कोळंबी खात नव्हते, आणि का खात नव्हते हे गावाला तोंडपाठ होतं. डेअरीच्या सभेत त्यांनी त्यावर वीस मिनिटं भाषण केलं होतं. बोकड ओरडू शकतो, कोंबडी ओरडू शकते, कोळंबीला आवाजच नाही, आणि ज्याला आवाज नाही त्याला खाणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

"मला खाजबिज काही नाही," चेअरमन म्हणाले. "माझं तत्त्वाचं आहे."

सुतार अजून नाक पुसत होता. तो साध्या मनाने म्हणाला, "मग साहेब, रातकिड्याला आवाज आहे की."

आता खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती. चेअरमननी ताटातले मूठभर उचलले आणि तोंडात टाकले. मग सुताराने खाल्ले, सुनेने खाल्ले, बाईंनी मोजून दोन खाल्ले आणि कागदावर लिहिलं. कोबीवाल्याने मूठ भरली. म्हातारीपुढे ताट आलं तेव्हा ती म्हणाली, मी वाढणारी, माझं नंतर.

चव बरी निघाली. भाजलेल्या दाण्यासारखी, जरा धुरकट. चेअरमन बोलायला उभे राहिले. गावातल्या महिलांच्या कष्टांबद्दल ते दोन वाक्यं बोलले, तिसऱ्यात पौष्टिक हा शब्द आला आणि तो त्यांच्या तोंडातून नीट बाहेर पडेना. खालचा ओठ पुढे आला होता. बघता बघता तो भज्यासारखा फुगला. कान लाल झाले. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाची बटणं काढून छाती खाजवायला सुरुवात केली.

बाईंनी कागद टाकले. श्वास घेता येतोय का, घसा आवळतोय का, विचारलं. चेअरमननी मान हलवली, ती कशाला हो होती कळेना. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, डेअरीची गाडी दूध घेऊन गेलेली. सुताराच्या हातगाडीवर एक नवं दार होतं, चेअरमनच्याच न्हाणीघराचं. त्यावर चेअरमनना उताणं निजवलं आणि सुतार गाडी घेऊन पळत सुटला. वळणावर त्याचं ओरडणं ऐकू आलं, साहेब, कडीला धरू नका, स्क्रू पिळायचे राहिलेत.

अंगणात सून, बाई, कोबीवाला आणि म्हातारी उरले. म्हातारी हळूच खाली बसली.

"कोबी," ती म्हणाली.

सुनेला कळेना.

"मी काल त्यांना कोबी घातला. काकांच्या शेतातला. पाटीच्या पलीकडचा."

तव्याची आच अजून तोंडावर येत होती, तरी सुनेची बोटं गार पडली. काल विषारी पानं रातकिड्यांच्या पोटात, आज रातकिडे सगळ्यांच्या पोटात. तिने नवऱ्याचा विचार केला, तो तर पळतोय, पळताना विष लवकर चढत असेल. मग शेडचा विचार आला, आणि नवऱ्यानंतर लगेच शेडचा विचार आला याची लाज वाटली. सासूवर ओरडायला तिने तोंड उघडलं. पण म्हातारी जमिनीवर इतकी छोटी होऊन बसली होती, की कुठे ओरडायचं ते समजेना.

बाईंचा एक हात स्वतःच्या पोटावर गेला होता. त्यांनी तो काढला आणि पेन धरलं. साहेबांचा ओठ हे कोळंबीवाल्यांचं लक्षण दिसतंय, विषाचं वाटत नाही, त्या म्हणाल्या, पण मी डॉक्टर नाही. मग त्यांनी विचारलं, "सगळ्या खोक्यांत घातला?"

"सहाही खोक्यांत," म्हातारी म्हणाली. "सारखा वाटून."

"दोन खोकी अजून शेडमध्ये आहेत. पिकावरच्या किडीचं औषध असेल तर ते आधी त्यांना मारेल. जिवंत असले म्हणजे आपल्याला धोका नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. पण आत्ता हातात तेवढंच आहे."

चौघं शेडकडे धावले. दार उघडलं. आत चिडीचूप. सकाळी बाईंना कान झाकावे लागले होते, आणि आता एक किर्र नाही.

"गेले," म्हातारी म्हणाली.

सुनेने खोक्यात वाकून पाहिलं. पुठ्ठ्यांच्या खळग्यांत अंधार होता. कोणी मेलंय की दडलंय, काही दिसेना. ती अंगणात पळत गेली, बॅटरी घेऊन पळत आली. उजेडात खळग्यांत नुसत्या पाठी दिसल्या, हलणारी एकही नाही, आणि आवाजही नाही.

मग तिच्या ध्यानात आलं. रोज पहाटे हेच व्हायचं. ती दार उघडायची आणि सगळे गप्प व्हायचे, ती पाटावर बसून किसायला लागली की थोड्या वेळाने एक धीट रातकिडा सुरू करायचा आणि मग बाकीचे. पावलांनी जमीन हादरली की रातकिडा बोलत नाही. इथे तर चार माणसं म्हशींसारखी धावत आली होती.

"बसा," ती म्हणाली. "कोणी हलू नका."

शेडच्या उंबऱ्याबाहेर चौघं ओळीने बसले. तपासणीच्या बाई सासूच्या शेजारी उकिडव्या.  सुनेला स्वतःच्या पोटात काहीतरी फिरल्यासारखं वाटलं, ते विष की नुसती भूक तिला ठरवता येईना, सकाळपासून दोन-चार रातकिडे सोडून पोटात काही गेलं नव्हतं. बाईंनी नाडीवर बोट ठेवलं होतं आणि घड्याळ बघत होत्या. एक माशी म्हातारीच्या नाकावर बसली. म्हातारीने तिला बसू दिलं.

मग आवाज आला. बारीक, कोरडा. कुर्र, कुर्र.

सुनेने डोळे मिटले. म्हातारीने तिचा हात धरला. आवाज थांबला, पुन्हा आला. कुर्र, कुर्र, कुर्र. पण तो शेडमधून येत नव्हता. तो त्यांच्याच ओळीतून येत होता.

तिघींनी माना वळवल्या. कोबीवाला काका ओळीच्या टोकाला बसून खात होता. धावताना त्याने ताटातली आणखी एक मूठ खिशात टाकली होती, आणि आता तो एकेक काढून शांतपणे चावत होता.

सून म्हणाली, "काका, तुमच्याच शेतातलं औषध. तुम्हाला भीती नाही वाटत?"

कोबीवाल्याचं तोंड चालायचं थांबलं. तोंडात होता तो त्याला गिळवेना आणि थुंकवेना. शेवटी त्याने गिळला.

औषध मारलेलंच नव्हतं. या हंगामात परवडलं नाही, आणि मारायची पाठीवरची टाकी तर दोन वर्षांपासून गळत होती. पण पाला रोज कोणीतरी नेत होतं. म्हणून एक रंगाचा डबा आणून पाटी तेवढी केली. औषधापेक्षा पाटी स्वस्त पडली. हे तो आधीच सांगणार होता, पण चारचौघांत सांगितलं असतं तर उद्या शेतात गड्डा राहिला नसता.

"रोज कोण नेतंय, ते काही मला कळलं नव्हतं," तो म्हातारीकडे न बघता म्हणाला.

म्हातारी पुन्हा आभाळाकडे बघायला लागली.

तेवढ्यात आतून एकाने सुरुवात केली. आधी अडखळत, मग सलग. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं. मग दोन्ही खोकी अशी किरकिरायला लागली की बाईंना ओरडून बोलावं लागलं. सुनेचे खांदे खाली आले. ते सकाळपासून वर होते हे तिला तेव्हा कळलं. तिला हसू आलं, ते आवरेना, हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने ते म्हातारीच्याच खांद्याला पुसलं.

सुतार रिकामी गाडी घेऊन परत आला. चेअरमनना सुई दिली होती, ओठ उतरत होता, श्वास मोकळा होता, पण नर्सने संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं होतं. दवाखान्यात खाट एक आणि तिच्यावर आधीच एकजण, म्हणून दार तिथेच राहिलं, चेअरमन त्यावर. नर्सने जुनी वही काढली होती. त्यात चेअरमनचं नाव आधीच दोनदा होतं, दहा वर्षांपूर्वी, आणि दोन्ही वेळा पुढे लिहिलं होतं: कोळंबी. नर्सने ते बसलेल्या सहा पेशंटांसमोर मोठ्याने वाचलं. तत्त्व तिथेच संपलं.

बाईंनी थोडे रातकिडे पिशवीत घालून सील केले, तपासायला पाठवणार म्हणाल्या. बाकीचा माल त्यांनी बाद केला. पानांना काही लागलेलं नसलं तरी उपास मोडला तो मोडला. परवाना आज नाही, पण टाळंही नाही. आठ दिवसांनी पुन्हा येईन, नवा माल, नियमाने. आणि खाज सुटणाऱ्यांनी खाऊ नये हे तोंडी सांगायचं नाही, पाकिटावर ठळक छापायचं, कारण माणसं तोंडी खरं बोलत नाहीत.

"आणि उपासाची हमी कोण देणार?" त्यांनी विचारलं.

सुनेने कमरेची किल्ली काढली आणि म्हातारीच्या हातात दिली.

आठव्या दिवसाच्या आदल्या दिवशी म्हातारी सकाळीच शेडच्या दारात स्टूल टाकून बसली. आत सगळे किरकिरत होते. तिने त्यांना दोनदा सांगितलं की ऐकू येतंय, बहिरी नाही मी. कोबीवाला एक गड्डा घेऊन आला, वहिनी, तुमच्याच भाजीसाठी आणलाय म्हणाला, तर तिने त्याला कुंपणापर्यंत पिटाळून लावलं. कुंपणालगतच्या पाटीवर आता लिहिलं होतं, पाला विचारून न्यावा. कवटी तशीच होती, पुसली गेली नाही.

दुपारी सून ताट घेऊन आली. म्हातारीने ते बाजूला सारलं.

"ते उपाशी, आणि मी त्यांच्यासमोर चावत बसू?"

संध्याकाळीही ती जेवली नाही. सुताराने समजावलं, त्यालाही हाकललं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. पिशवीतला माल स्वच्छ निघाल्याचा कागद त्यांच्याकडे होता. त्यांनी सगळं पुन्हा मोजलं, पुन्हा वास घेतला. काल खायला काय दिलं, हे त्यांनी या वेळी म्हातारीला विचारलं.

"पाणी," म्हातारी म्हणाली. "मलाही."

बाईंनी सही केली आणि शिक्का मारला. ताट फिरलं. चेअरमन अंगणाच्या पार टोकाला बसले होते, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, आणि कोणी विचारायच्या आधीच सगळ्यांना सांगत होते की मला चालत नाही, अंगावर उठतं.

फिरत फिरत ताट म्हातारीपुढे आलं. या वेळी तिने एक उचलला. उलटून सुलटून बघितला, पाय नीट काढलेत का ते तपासलं आणि तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. सून बघत होती, सुतार बघत होता, बाईंनी पेन वर धरलं होतं.

"मीठ कमी आहे," म्हातारी म्हणाली, आणि ताट स्वतःकडे ओढून घेतलं.